गोत्र : तीन बंदुका

त्र्यंबकेश्वरात पाहुण्याला आधी त्याचं नाव विचारत नाहीत. "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" एवढ्यावर काम भागतं. मग तीर्थोपाध्याय आतल्या खोलीतून फडक्यात बांधलेली वही आणतात, पानं उलटतात आणि पाहुण्याचे खापरपणजोबा कोणत्या साली, कोणाकोणाला घेऊन इथे आले होते ते दाखवतात. पाहुणा गहिवरतो. सकाळी लॉजच्या रजिस्टरात स्वतःचा पिनकोड लिहिताना अडखळलेला हा माणूस दुपारी पाच पिढ्या घडाघडा म्हणायला लागतो.

माणसांच्या वंशावळी राखणाऱ्या या गावात अधूनमधून एक वेगळाच यात्रेकरू उतरतो. त्याला ना नारायण नागबळी करायचा असतो, ना कालसर्प शांती. देवाला बाहेरूनच हात जोडून तो गल्लीबोळात शिरतो आणि वाड्यांच्या ओसऱ्या, जिन्याखालचा अंधार, माळे असं काहीबाही न्याहाळत हिंडतो. पिशवीत भिंग, टॉर्च, जुना टूथब्रश आणि रॉकेलची बाटली. पोरांना वाटतं, साप पकडणारा आला. म्हाताऱ्यांना वाटतं, प्लॉटवाला. सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबकला प्लॉटवाले फार. प्रत्यक्षात तो सायकलवेडा असतो. त्यातही खास पोटशाखेचा: ज्या कंपन्यांनी मोटरसायकलीही काढल्या, त्यांच्याच जुन्या सायकली हुंगत फिरणारा. बीएसए, रॉयल एनफिल्ड, ट्रायम्फ, रज, हंबर, रॅले. ही नावं तो अष्टविनायकांसारखी म्हणतो.

आणि एखाद्या वाड्यात त्याला ती दिसते. माळ्याच्या तुळईला दोरांनी टांगलेली, काळी, उंच, धुळीची साय धरलेली.

"काका, ती वरची सायकल कुठली?"

"कुठली म्हणजे? आमचीच."

"तसं नाही, कंपनी कुठली?"

"रॅले असेल. अण्णांची होती."

हे उत्तर ठरलेलं. वनस्पती तूप म्हटलं की डालडा, तशी महाराष्ट्रात काळी जुनी सायकल म्हटली की रॅले. मुलगा आतून ओरडतो, "हर्क्युलस आहे!" शेजारचे आजोबा ओसरीवरून सांगतात की ती त्यांच्याच मध्यस्थीने नाशकात घेतली होती आणि ती फिलिप्स आहे. नावाचा पुरावा कुठेच नाही, कारण नाव रंगात होतं आणि रंग पावसात गेला. ब्रह्मगिरीच्या डोंगराला अडलेले ढग त्र्यंबकवर जून ते सप्टेंबर जे काही ओततात, त्यापुढे विलायती एनॅमलची काय कथा! इथे लोखंडाला दोनच अवस्था माहीत: गंजलेलं आणि गंजणार.

तो शिडी मागतो, वर चढतो, टॉर्च मारतो, दातेरी चाकावर टूथब्रश फिरवतो. गंजातून कापून काढलेली तीन इंग्रजी अक्षरं वर येतात. खालच्या सांध्यावर आणखी घासल्यावर तीन बंदुका दिसतात, शेतात धाटांची खोपटी उभी करावी तशा एकमेकींना टेकवलेल्या. तो शिडीवरूनच किंचाळतो, "बीएसए! मोटरसायकलवाल्या कंपनीची सायकल!"

काका मान वर करून विचारतात, "मग मोटर कुठेय तिची?"

काकांचा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. 'मोटरसायकलच्या कंपनीची सायकल' या शब्दांत वंशावळच उलटी टांगली आहे, माळ्यावरच्या त्या सायकलीसारखी. यातल्या बहुतेक घराण्यांत सायकल ही आई आणि मोटरसायकल ही लेक. लेक नाव काढते, मिरवते, पोस्टरवर झळकते. आई बिचारी माळ्यावर. पण आईच्याही मागे जायचं तर मात्र नवलाची पूर्वजमंडळी निघतात.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या चौदा बंदूककारांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. बंदुकांच्या धंद्याची अडचण अशी की युद्ध नसलं की कारागीर बसून. अशाच मंदीत १८८० साली ऑटो नावाचा एक गृहस्थ आपली सायकल घेऊन आला. तिची दोन चाकं पुढे-मागे नसून बाजू-बाजूला होती आणि स्वार मधोमध टांगलेला. संचालकांच्या बैठकीत त्याने ती टेबलावर चढवून चालवून दाखवली असं सांगतात. खरंखोटं ते टेबल जाणे. पण संचालकांनी माल बनवायला घेतला आणि बंदुकीची नळी घडवणारे हात सायकलची नळी घडवू लागले. मोटरसायकल यायला त्यानंतर तीस वर्षं गेली. ती १९१० ची. तीन बंदुकांची खूण मात्र सायकलीवर राहिली ती राहिलीच. लग्नात जावयाला बीएसए सायकल देणाऱ्या सासऱ्याच्या मनात त्या तीन बंदुकांमागे काही संदेश असेल का, यावर संशोधन झालेलं नाही.

रॉयल एनफिल्डची गोष्ट याहून मजेदार. हे मूळचे सुईवाले! इंग्लंडातलं रेडिच हे सुयांचं गाव, आणि तिथल्या सुया बनवणाऱ्या टाउनसेंड यांच्या कारखान्यातून ही वेल निघाली. पुढे आल्बर्ट एडी आणि आर. डब्ल्यू. स्मिथ यांनी कारखाना घेतला, एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याचं काम मिळवलं, आणि त्या कामाच्या तोऱ्यात सायकलीला नाव दिलं 'रॉयल एनफिल्ड'. 'बंदुकीसारखी घडवलेली' हे ब्रीदही तेव्हाचंच, १८९३ चं. पहिली मोटरसायकल १९०१ ची, बुलेट १९३२ ची. म्हणजे बीएसए खरोखर बंदुका बनवत होती आणि सायकलीवर त्यांचं चित्र काढत होती. एनफिल्डवाले बंदुकांचे सुटे भाग पुरवत होते आणि अख्ख्या बंदुकीचा रुबाब करत होते. आज बुलेटवर बसून त्र्यंबकच्या मेन रोडवरून धडधडत जाणाऱ्या तरुणाला त्याच्या गाडीची पणजी सुई होती हे सांगून बघावं. तो ऐकणार नाही. आवाजच इतका असतो.

अशी घराणी इतर देशांत बघितली तरी तसंच. स्वीडनच्या हुस्क्वार्नाचं मूळ १६८९ सालच्या बंदूक कारखान्यात. फ्रान्सच्या प्यूजोने सायकलीआधी करवती आणि कॉफी दळायची यंत्रं केली. हार्ले-डेव्हिडसनने १९१७ पासून काही वर्षं आपल्या नावाने सायकली विकल्या, त्या तिच्यासाठी बनवल्या शिलाई मशीनच्या एका कंपनीने. ट्रायम्फ काढणारा झीगफ्रीड बेटमन हा न्यूरेंबर्गहून कॉव्हेंट्रीला आलेला जर्मन. युरोपातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळेल असं नाव हवं म्हणून त्याने 'ट्रायम्फ' निवडलं आणि पुढे तो कॉव्हेंट्रीचा महापौरही झाला.

पण मराठी माणसाला सगळ्यांत जवळची वाटेल ती गोष्ट वाक्लाव्ह क्लेमेंटची. बोहेमियातल्या म्लादा बोलेस्लाव्ह गावचा हा पुस्तकविक्रेता. जर्मन बनावटीची सायकल त्याने घेतली, ती बिघडली. त्याने कंपनीला आपल्या भाषेत, चेकमध्ये, तक्रार लिहिली. उत्तर आलं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. आपल्याकडे अशा प्रसंगी माणूस संपादकांना पत्र लिहितो. क्लेमेंटने लॉरिन नावाचा मिस्त्री गाठला आणि १८९५ साली स्वतःच सायकली बनवायला घेतल्या. 'स्लाविया' हे त्यांचं नाव, म्हणजे त्यातही टोमणा. १८९९ पासून मोटरसायकली, मग मोटारी. तीच पुढे स्कोडा. तिचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आहे. तिथे तक्रार कोणत्या भाषेत घेतात हे एकदा बघायला हवं.

शिडीवरच्या माणसाकडे परत येऊ. तो अजून उतरलेला नाही.

तीन बंदुका दिसल्या म्हणजे सायकल बीएसए ठरली, असं नवशिक्याला वाटतं. इथेच पहिली ठेच. बीएसए सुटे भागही विकत असे: हब, क्रँक, दातेरी चाक, पायडलांचा जोड. ते इतके नावाजलेले होते की दुसरे कारखानदार आणि गल्लीतले मिस्त्रीसुद्धा हे भाग आणून आपल्या नळ्यांत बसवत आणि सायकल आपल्या नावाने विकत. म्हणजे बंदुका बीएसएच्या, सायकल भलत्याचीच. उसन्या शालूवरून माहेर ओळखायला निघालं तर असंच व्हायचं.

म्हणून जाणकार आधी चिमटा बघतो, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन-दोन बारीक नळ्या असतील तर हंबर. ही खूण लांबून, अंधारात, झोपेतही ओळखू येते. मग दातेरी चाकाची नक्षी. रॅलेच्या चाकात बगळ्याची डोकी. हंबरच्या चाकात पाच माणसं गोल फेर धरलेली, मंगळागौरीला पुरुषांनाच उभं केल्यासारखी. रजच्या चाकात उघडा पंजा. नाशिक जिल्ह्यात ही पंजाची सायकल निघाली की घरमालक ताबडतोब खुलासा करतो की त्यांचे वडील कुठल्याच पक्षात नव्हते.

मग चकाकी. गंजाखाली कुठेतरी चार बोटं मुलामा शाबूत असतो. तो पिवळसर, उबदार दिसला तर निकेल. निळसर थंड दिसला तर क्रोम. क्रोमचा सुळसुळाट १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाला, तेव्हा निकेलवाली सायकल त्याआधीची असण्याचा संभव बराच. इथे 'संभव' हा शब्द महत्त्वाचा. सायकलवेडे तो वापरत नाहीत.

मागच्या चाकाच्या हबमध्ये तीन गिअर असतील तर तो स्टर्मी-आर्चरचा आणि माणसाचं नशीब जोरावर. कारण या कंपनीने हबच्या पाठीवर साल कोरून ठेवायची सवय लावून घेतली होती. '५४' दिसलं की १९५४. बाड नको, उपाध्याय नको, पूर्वजांची सही थेट लोखंडावर. अडचण एवढीच की चाक बदलता येतं. अण्णांनी १९३८ ची सायकल १९५४ च्या चाकावर चालवली नसेल कशावरून?

आट्यांचा मुद्दा तर खास मिस्त्री लोकांचा. रॅलेने आपल्या छर्ऱ्यांच्या कटोऱ्यांना इंचाला सव्वीस आटे ठेवले, बाकीच्यांनी बहुतेक चोवीस. दुसऱ्याची कटोरी रॅलेत बसत नाही. बसवलीच तर आटे मरतात आणि मिस्त्री रॅलेच्या नावाने जे काही बोलतो ते छापण्यासारखं नसतं. पण ओळख पटवायला यासारखी परीक्षा नाही. रंग खोटं बोलेल, पट्टी खोटं बोलेल, आटा बोलणार नाही.

नाशिकहून त्र्यंबकला येताना वाटेत अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. तिथलं संग्रहालय बघून आलेला माणूस सायकलवेड्यांना हसत नाही. झिजलेल्या नाण्यावरच्या अर्ध्या अक्षरावरून टाकसाळ ओळखणारे आणि गंजलेल्या सांध्यावरच्या अर्ध्या आकड्यावरून कारखाना ओळखणारे, दोघांचं भिंग एकाच नंबरचं. फरक इतकाच की नाणं खिशात लपवून घरी नेता येतं. सायकल लपवता येत नाही. दारातच विचारणा होते.

विलायती यंत्रापायी घरच्यांच्या भुवया उंचावण्याची परंपरा त्र्यंबकला नवी नाही म्हणा. ३० एप्रिल १८७० रोजी याच गावात जन्मलेले दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले आणि तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' निघाला म्हणून त्याला दूरदृष्टी म्हणतात. सायकलवेड्याच्या हातून अजून तसं काही निघालेलं नाही, म्हणून त्याला घरी वेगळा शब्द आहे.

गोत्राचा घोळ खरा वाढतो तो लग्नसंबंधांमुळे. म्हणजे कंपन्यांच्या. रॅलेचे फ्रँक बाउडन हाँगकाँगमध्ये पैसा कमावून, प्रकृती बिघडवून इंग्लंडला परतलेले. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं आणि त्यांना ती इतकी मानवली की त्यांनी कंपनीच घेतली. डॉक्टरचा सल्ला इतका मनावर घेणारा दुसरा रुग्ण दाखवणं कठीण. या रॅलेने स्वतः मोटरसायकली करून पाहिल्या, १९३० च्या दशकात सोडून दिल्या आणि मग एकेकाला पदराखाली घ्यायला सुरुवात केली. १९३२ मध्ये हंबर सायकल, १९४३ मध्ये रज, १९५४ मध्ये ट्रायम्फच्या सायकली, १९५७ मध्ये बीएसएच्या. १९६० साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी सोयरीक झाली आणि हर्क्युलस, फिलिप्स हेही त्याच अंगणात आले. जे आयुष्यभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होते ते एका चुलीवर जेवू लागले. बीएसएने तिकडे १९५१ साली ट्रायम्फच्या मोटरसायकली घेतल्या होत्या. म्हणजे मोटरसायकलींत ट्रायम्फ बीएसएच्या घरात आणि सायकलींत दोघीही रॅलेच्या. असं नातं मराठीत एका शब्दात सांगता येत नाही, आणि मराठीत नाही म्हणजे कुठेच नसणार.

तेव्हा १९५७ नंतरची विलायती बीएसए सायकल म्हणजे अंगाने रॅले, कुंकू बीएसएचं. त्यावरून सायकलवेड्यांत जी भांडणं होतात ती ऐकून गावातल्या भाऊबंदकीच्या दाव्यांबद्दल आदर वाटू लागतो.

आता देशी शाखा. स्वातंत्र्याच्या सुमारास विलायती नावांनी इथे घरं केली. १९४९ साली मद्रासला मुरुगप्पा समूह आणि इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनी मिळून टीआय सायकल्स काढली; हर्क्युलस, फिलिप्स आणि पुढे बीएसए तिथून येऊ लागल्या. आसनसोलला सेन-रॅले झाली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. त्यामुळे माळ्यावरची रॅले नॉटिंगहॅमची की आसनसोलची, बीएसए बर्मिंगहॅमची की मद्रासची, हा प्रश्न उरतोच. आसनसोलची निघाली की वेड्याचा चेहरा उतरतो. तो का उतरावा हे कळत नाही. तिनेही तितकंच दूध, तितकीच पोरं आणि तितकाच गहू वाहिलेला असतो. उलट या गावातल्या कोणाच्या आठवणीत खरोखर चाललेली सायकल असेल, तर ती बहुतेक देशीच.

घरचे पुरावे मात्र लोखंडापेक्षा रसाळ असतात. नगरपालिका सायकलींवर कर घेत त्या काळात गावोगाव पत्र्याचे नाहीतर पितळी बिल्ले मिळत. दांडीला तारेने बांधलेला तसा बिल्ला सापडला की जन्मसाल नाही तरी हयातीचा दाखला मिळतो. पावत्या तारेत टोचून ठेवायची रीत ज्या घरात होती तिथे तर सोनंच. एका तारेत सायकलकर, घरपट्टी, डॉक्टरची चिठ्ठी आणि मुंजीच्या मांडवाचं बिल, सगळं एकाखाली एक. वरून खाली उतरत गेलं की काळ मागे जातो.

आणि सीट. जुन्या चांगल्या सायकलीवर चामड्याची सीट असे. ब्रुक्सची असली तर विचारूच नका. ही बर्मिंगहॅमची कंपनी १८६६ ची. तिच्या मालकाचा घोडा मेला, तो उसन्या सायकलवर बसला, बूड सोलवटलं आणि त्यातून बरी सीट जन्माला आली अशी तिची कहाणी आहे. पण त्र्यंबकसारख्या गावात सोवळ्यात चामडं कसं चालणार? म्हणून त्यावर कापडाची गवसणी. धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून साखळीला पूर्ण पत्र्याचं कव्हर. वूल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीमने या कव्हरात तेलाची छोटी कुंडीच ठेवली होती. साखळी सतत तेलात न्हायची. इंग्लंडात तो पँट काळी होऊ नये म्हणूनचा शौक होता. इथे तो धर्म वाचवण्याचा प्रश्न होता. धोतर साखळीत अडकलेला माणूस मध्यरस्त्यात कोणत्या संकटात सापडतो हे पँटवाल्यांना कळणार नाही.

पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. २०१७ पासून ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे बीएसएची दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सायकल बघायला मिळते. पंखाच्या नटांनी मधोमध दुमडायची, सैनिकाबरोबर विमानातून खाली सोडायची. रॉयल एनफिल्डनेही तेव्हा 'फ्लाइंग फ्ली' नावाची चिमुकली मोटरसायकल अशीच छत्रीला बांधून सोडायला दिली होती. म्हणजे आई आणि लेक दोघींनी आकाशातून उड्या मारल्या. पुण्यातला सायकलस्वार मात्र आजही खड्ड्यात शिरतो तेव्हा छत्रीविनाच.

या वेडाची किंमत कळते ती चालवताना. नाशिक ते त्र्यंबक अठ्ठावीस किलोमीटर. सातपूर, पिंपळगाव बहुला, महिरावणी, अंजनेरी. रस्ता हळूहळू चढत जातो. मोटारीत बसून चढ जाणवत नाही, वीस किलोच्या सायकलवर तो प्रत्येक हाडाला वेगवेगळा जाणवतो. शनिवार-रविवारी या रस्त्यावर कार्बनच्या सायकली सुसाट जातात. नाशिक हे सायकलवाल्यांचं गावच, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. अशा गावात कोणी अण्णांची बीएसए घेऊन रस्त्यावर आला की तीन गोष्टी होतात. हेल्मेटवाले अंगठा दाखवून पुढे जातात. रिक्षावाला "बाबा, बसा, सायकल वर बांधतो" म्हणतो. आणि पेगलवाडीच्या आसपास पाऊस सुरू होतो.

पावसात सळईचे ब्रेक म्हणजे निव्वळ श्रद्धेचा भाग. हँडलखालची मूठ दाबली की सळया खडखडतात, रबराचे गुटके रिमला आतून टेकतात, आणि सायकल आपल्या मर्जीने थांबते किंवा थांबत नाही. समोरून म्हैस येत असेल तर म्हशीच्या समजूतदारपणावर विसंबावं. तो सहसा पुरतो.

उतारावर मात्र ती जे सुख देते त्याला तोड नाही. लांब, ऐसपैस सांगाडा, चिमट्याला पुढे दिलेला बाक, मोठी चाकं. ती खड्ड्यावरून उडत नाही, खड्डा गिळते. स्वार ताठ बसतो, दोन्ही बाजूंची भातखाचरं बघत, घरंदाज माणसासारखा. तासाला बारा-पंधराच्या वर वेग नाही. या वेगात माणसाला लोक ओळखू येतात आणि लोकांनाही माणूस.

पूर्वजांच्या शोधात असलेल्यांना एक बातमी सांगायला हवी. मंडळी पुन्हा महाराष्ट्रात यायला लागली आहेत. बेटमनच्या ट्रायम्फच्या लहान मोटरसायकली २०२३ पासून बजाजच्या चाकणमध्ये तयार होतात. सोळाशे एकोणनव्वदची हुस्क्वार्नाही चाकणलाच येऊन गेली. बीएसएचं मोटरसायकलचं नाव २०१६ साली महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्सने घेतलं आणि २०२४ मध्ये ती गोल्ड स्टार होऊन भारतात आली. बीएसए सायकल मात्र चेन्नईच्या मुरुगप्पांकडे. म्हणजे एका आडनावाच्या दोन वाटण्या, एक मुंबईला, एक चेन्नईला, आणि सातबारावर दोघांचीही नावं बरोबर. या सगळ्यात सरळ मार्गाची निघाली ती आपली लुना. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली आणली ती मोटर बसवून आणि पायडल ठेवून. पेट्रोल संपलं की आईच्या वळणावर जायची.

शिडीवरचा माणूस एव्हाना खाली आला आहे. सायकलही खाली आली आहे. ओसरीवर, उजेडात, पूर्ण तपासणी झाली आहे. निकाल असा: दातेरी चाक बीएसएचं, अस्सल. चिमटा कुठला ते सांगता येत नाही, पण हंबरचा नक्की नाही. मागचा हब '५४' चा. आटे इंचाला सव्वीस, म्हणजे सांगाडा रॅलेच्या घराण्यातला. मडगार्ड लुधियानाचे. घंटी ल्युकसची, मुकी. सीट मूळची ब्रुक्स असावी. तिच्यावर चढत गेलेल्या चार गवसण्यांखाली आता नुसत्या स्प्रिंगा आहेत. हे एक गोत्र नव्हे, कुशावर्त कुंडावरची गर्दी आहे.

तरीही त्याचे डोळे लकाकतात. तो घसा खाकरून किमतीचा विषय काढतो. काका शांतपणे हँडलवर ओला पंचा वाळत घालतात. "विकायची नाही. पण चालती करून दिलीत तर नातू चालवेल."

म्हणून दोघं मिळून ती मेन रोडजवळच्या सायकलच्या दुकानात ढकलत नेतात. दुकानात हल्ली मुलांच्या रंगीत सायकली आणि स्कूटरची पंक्चरं जास्त. मिस्त्री उकिडवा बसून काम करतोय. सायकलवेडा सुरू होतो: ही बघा, बर्मिंगहॅमची खूण, तीन बंदुका, पण १९५७ नंतर रॅलेने घेतली, शिवाय हब चोपन्नचा, म्हणजे एक तर सांगाडा आधीचा किंवा...

मिस्त्री पुढचं चाक उचलतो, बोटाने गरकन फिरवतो, छर्ऱ्यांचा आवाज कान देऊन ऐकतो. चाक डावीकडे दोनदा लचकतं.

"आऊट काढावा लागेल," तो म्हणतो. "अठ्ठावीस-दीड ना? टायर आहे. ट्यूब साधी टाकू की चांगली?"